दोन मुठी कूट

कारळ्याच्या चटणीत मी दोन मुठी दाण्याचा कूट टाकला, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे काही झालं ते त्या दोन मुठींमुळे झालं आणि त्या मुठी माझ्याच होत्या. आमच्या घरात ही गोष्ट आता इतक्या वेळा सांगून झाली आहे, की दर वेळी माझी मूठ थोडी मोठी होते. मागच्या दिवाळीत धाकट्या मेव्हण्यानं ती पार घमेल्यापर्यंत नेली. म्हणून मीच एकदा लिहून ठेवतो. मुठी दोनच होत्या, आणि माझा हात मध्यम आहे.

मिरजगावात हायवेला लागून माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानाच्या मागे माझं घर, त्याला लागून थोरल्या भावाचं. मधली भिंत एकच, त्यामुळे इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका लागतो. भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत वहिनी आणि गावातल्या पाच बाया मिळून चटण्या करतात. कारळ्याची, जवसाची, लसणाची. त्या पाचांत एक आमची सौभाग्यवती. दाण्याची चटणी त्या करत नाहीत. वहिनींचं म्हणणं असं, की ती घरोघरी होते, विकत कोण घेणार?

वहिनी सहावीपर्यंत शिकलेल्या. पण त्या खोलीत त्यांचं राज्य असं, की कर्जतच्या मोठ्या साहेबाच्या केबिनमध्येही मी इतका दबकून उभा राहिलेलो नाही. डोक्याला फडकं बांधल्याशिवाय आत पाऊल नाही. बांगड्या काढून खुंटीला. सकाळी भाजून, कुटून एका वेळची जेवढी चटणी निघेल त्याला त्या घाणा म्हणतात. प्रत्येक घाण्याला नंबर. तो नंबर प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर मार्करनं घालायचा, आणि कुठल्या नंबरची किती पाकिटं कुणाकडे गेली ते शंभर पानी वहीत लिहायचं. मी यावर लई हसलो होतो. म्हटलं, "वहिनी, ही चटणी आहे, इंजेक्शन नाही."

"असू द्या भावजी," त्या म्हणाल्या होत्या, "नंबर घालाया काय शाई सरती का तुमची?"

शाई माझीच होती, हे खरं. लेबल छापायचं कामही माझं. पहिल्यांदा मी लेबलाला वेलबुट्टी काढली होती आणि वर 'परंपरेचा अस्सल वारसा' असं ठळक टाकलं होतं. वहिनींनी ते लांब धरून वाचलं आणि म्हणाल्या, "वारसा ऱ्हाऊ द्या. आत काय घातलंय ते लिवा." मग लेबल असं झालं : कारळे, लाल मिरची, लसूण, जिरे, मीठ. वेलबुट्टी मात्र मी हट्टानं ठेवली.

आणखी एक नियम होता, तो महत्त्वाचा. घाण्यातली चटणी आधी दुपारी वहिनींच्या ताटात, मग बाजारात. भाकरीबरोबर त्यांनी खाल्ल्याशिवाय पाकीट खोलीबाहेर जायचं नाही.

आता नगरच्या एका बाईंबद्दल. या गोष्टीत जीव टांगला होता तो त्यांच्या लेकीचा.

वर्षभरापूर्वी त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथंच चहा पीत बसलो होतो. त्या शाळेत शिक्षिका. कुणाकडे तरी आमची कारळ्याची चटणी खाल्लेली. त्यांनी एकच गोष्ट तीनदा विचारली : यात शेंगदाणे नाहीत ना? त्यांची दहा वर्षांची मुलगी, तिला दाणे चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे आपल्याला वांगं चालत नाही तसं नव्हे. ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास अडकतो. एका लग्नात भाजीत कूट होता, तेव्हा पोरगी दवाखान्यात होती.

वहिनी म्हणाल्या, "ताई, आमच्या खोलीत दाणा येतच न्हाई. बिनघोर ऱ्हावा."

तेव्हापासून दर महिन्याला दोन पाकिटं त्या घरी जायची. त्या मुलीला चटणी म्हणून तेवढी एकच खाता येत होती.

हे सगळं मी माझ्या कानानं ऐकलेलं. तरी मी कूट टाकला. कसा, ते नगर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको, बाकीच्यांना सांगतो. आमच्याकडे कूट हा जिन्नस नाही, सवय आहे. भाजीत कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीत कूट, मिरचीच्या ठेच्यात कूट, पाहुणे वाढले की रश्श्यात कूट. भाजीत काय काय घातलंस विचारलं तर आमची बाई तेल-मिठापासून सगळं सांगेल, पण कूट सांगणार नाही. पाणी घातलं असं कोण सांगतं का? दाणे म्हणजे दाणे, बशीत घेऊन गुळाबरोबर खायचे ते. कूट म्हणजे कूट. या दोन वस्तू एकाच शेंगेतून निघतात, हे मला त्या दिवशी पन्नाशी उलटल्यावर उमगलं.

त्या दिवशी नगरला जाणारी बस नेहमीच्या वेळेआधी येणार होती. तिच्या ड्रायव्हरकडे पिशवी दिली की तो नगरच्या स्टँडवर एका रिक्षावाल्याच्या हातात देतो आणि रिक्षावाला घरोघर पोचवतो, अशी आमची वहिवाट. सतरा नंबरचा घाणा कुटून पातेल्यात काढलेला. तेवढ्यात शेजारी एका घरी म्हातारी पडल्याचा निरोप आला आणि सगळ्या बाया तिकडे धावल्या. वहिनी जाता जाता म्हणाल्या, "भावजी, डोक्याला फडकं बांधा अन् पातेल्यापाशी उभं ऱ्हावा. मांजर येतंय. दुसरं काय करू नका."

दुसरं काही करू नका, हे वाक्य मला लहानपणापासून मानवत नाही.

मी चिमूटभर चटणी चाखली. जरा कडवट लागली. कारळं कडवटच असतं, पण मला वाटलं, आज जास्त भाजलं गेलंय, बायांच्या लक्षात आलेलं नाही आणि परमेश्वरानं हे काम माझ्यावर सोपवलंय. मी घरात गेलो, फळीवरची कुटाची बरणी काढली, पातेल्यात दोन मुठी टाकल्या आणि उलथन्यानं हलवलं. काळ्याभोर चटणीत कूट कुठं गेला ते दिसलंसुद्धा नाही. पुन्हा चाखली. उत्तम झाली होती. बरणी जागेवर ठेवली. वहिनी दुपारी जेवताना म्हणतील, आज चटणी लई ब्येस झाली, मग मी हळूच सांगीन, असा बेत होता.

म्हातारीला फार लागलं नव्हतं. बाया परत आल्या, घाईघाईनं एकेचाळीस पाकिटं भरून चिकटवली. पंधरा गावातल्या किराणा दुकानात, बारा हायवेच्या हॉटेलात, चौदा नगरच्या पिशवीत. त्या चौदातली बारा स्टँडजवळच्या एका दुकानाची आणि दोन त्या शिक्षिकाबाईंची. बस लवकर असल्यामुळे ताटात घ्यायचा नियम त्या दिवशी तेवढा मोडला. बस आली, पिशवी गेली.

दुपारी आम्ही सगळे वहिनींच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो. वहिनींनी भाकरीचा तुकडा चटणीला लावून तोंडात घातला. दोनदा चावला. आणि थांबल्या.

मी कौतुकाची वाट बघत होतो.

"ह्याच्यात दाणं हायेत," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच काय आक्का," आमची ही म्हणाली. "दाणा कुठनं येईल?"

"हायेत."

पाचही बायांनी चाखून बघितली. एकमेकींकडे पाहिलं. कुणी म्हणालं, कारळ्याच्या तेलाचाच वास असेल. कुणी म्हणालं, मिक्सरला काही लागलं असेल. या सगळ्या वेळात मी काय केलं, तर आमटी वाढून घेतली. खोटं सांगत नाही. खाली मान घालून मी आमटी भुरकत होतो आणि मनात म्हणत होतो, विषय बदलेल. बदलला नाही. वहिनींचा हात ताटावर तसाच थांबलेला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात ती नगरची मुलगी आली, आणि मी आमटीची वाटी खाली ठेवली.

हिनं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याची मान किती खाली गेली की त्यानं काय केलंय, याचा अंदाज येतो.

"आवं," ती म्हणाली, "तुमी काय टाकलंत?"

"कूट," मी म्हणालो. "दोन मुठी. चवीला."

मला वाटलं, आता भांडं फेकून मारतील. वहिनींनी ताट बाजूला सारलं, हात धुतले, वही काढली. सतरा नंबरचं पान उघडून बोट फिरवत म्हणाल्या, "चवदा नगरला. आधी ताईंना फोन लावा."

लावला. वाजला, वाजला, बंद झाला. शाळेच्या वेळात बाई फोन कपाटात ठेवतात, हे आम्हाला माहीत. शाळा कुठली ते माहीत नाही. स्टँडजवळच्या दुकानदाराला लावला, त्यानं खोकं अजून फोडलं नव्हतं, तसंच बाजूला ठेवतो म्हणाला. रिक्षावाल्याला लावला.

"ताईच्या घरची दोन व्हय? दिली की. म्हातारीच्या हातात दिली."

"परत जाऊन घेऊन ये बाबा, आत्ताच्या आत्ता."

"आवं मी हिकडं एमआयडीसीत हाय, चाक बसलंय. काढतो, जातो. तासभर तरी लागंल."

घरात आजी, आजीकडे फोन नाही. मुलगी पाचच्या सुमाराला शाळेतून येते आणि आली की आधी भाकरी-चटणी मागते, हे बाईंनीच एकदा कौतुकानं सांगितलेलं.

वहिनी म्हणाल्या, "ताईंना मोबाईलवर लिवून ठेवा. शाळा सुटल्यावर तरी बघतील. अन् तेच कागदावर छापा, दुकानात अन् हॉटेलात लावायचंय."

हे काम माझं होतं, म्हणून मी जोमानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं : "नमस्कार. काही तांत्रिक कारणास्तव आमच्या उत्पादनाच्या एका खेपेत किरकोळ बदल झाल्याचे निदर्शनास आले असून..."

"म्हंजी काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे तेच की."

"मला तर कळलं न्हाई. मग त्या माउलीला काय कळंल? लिवा, मी सांगती." त्या उभ्यानंच सांगू लागल्या. "आजच्या कारळ्याच्या चटणीत दाण्याचा कूट..."

"पडला आहे," मी पुढे लिहिलं.

"पडला न्हाई, टाकला. पडाया तो काय झुरळ हाय का? टाकला आहे. लेबलावर ते लिवलेलं न्हाई. चूक आमची हाय. ज्याला दाणं बाधतात त्यानं ही चटणी तोंडाला लावू नये. पाठीवर सतरा नंबर असलेलं पाकीट परत आणावं, दुसरं देऊ."

मी हळूच म्हटलं, "वहिनी, चूक आमची असं छापायचं का? लोक काय म्हणतील? पुढं कुणी घ्यायचं नाही."

"न्हाई घेतली तर न्हाई घेतली," त्या म्हणाल्या. "तुमी छापा."

एवढं स्पष्ट मराठी माझ्या दुकानातून त्याआधी कधी छापून निघालं नव्हतं. मी रोज लोकांचे अर्ज छापतो. त्यांत कुणी काही केलेलं नसतं, सगळं आपोआप झालेलं असतं. वीस प्रती काढल्या. त्या घेऊन ही आणि बाकीच्या बाया किराणा दुकानाकडे आणि हॉटेलाकडे पळाल्या, आणि वहिनी माझ्या मोटारसायकलवर बसल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या माझ्या गाडीवर कधी बसल्या नव्हत्या, कारण माझ्या गाडी चालवण्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. त्या दिवशी मात्र दर दोन मैलांनी मागून आवाज येत होता, "भावजी, बैल हाकताय का गाडी? पळवा."

रुईछत्तीशीच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, मागे आम्ही. मी डावीकडून काढू की उजवीकडून, करत होतो. वहिनी मागे काही बोलत नव्हत्या, त्याची मला जास्त भीती वाटत होती. शेवटी मीच म्हणालो, "वहिनी, शिव्या तरी द्या."

"शिव्या कशाला?" त्या म्हणाल्या. "तुमी टाकलं ते तुमचं. ताटात न घेता मी पाकीट बाहेर जाऊ दिलं, ते माझं. बस चुकली असती तर काय आभाळ पडलं असतं? बघा आता पुढं."

एवढ्या सरळ वाटणीची मला सवय नव्हती. आमच्या घराण्यात चूक झाली की ती आधी चार जणांत फिरते आणि शेवटी जो हजर नसेल त्याच्याकडे मुक्कामाला जाते.

नगरात शिरलो तेव्हा पाच वाजत आले होते, आणि रिक्षावाल्याचं चाक अजून निघालं नसल्याचं फोनवर कळलं होतं. बुरूडगाव रोडच्या कॉलनीत घर शोधताना मी दोन गल्ल्या चुकलो. तिसऱ्या गल्लीत वहिनींनीच फाटकावरचा नंबर वहीतल्या पत्त्याशी जुळवला. दार उघडंच होतं. दारात शाळेचे बूट. म्हणजे पोरगी आली होती.

आणि आतून तिचा आवाज आला. एकेक शब्द सुटा करून ती वाचत होती.

"कारळे. लाल मिरची. लसूण. जिरे. मीठ." मग थांबून, "दाणे नाहीत, आजी. वाढ."

मी दारातच खिळलो. ते लेबल मी छापलेलं होतं. त्याच्यावरची वेलबुट्टी माझी होती. ती पोर प्रत्येक वेळी असं वाचूनच खात असणार, आईनं तिला शिकवलेलं असणार, आणि तिच्या शिकवणीत काडीची चूक नव्हती. खोटा होता तो कागद.

वहिनी कुणाच्या स्वयंपाकघरात चपला घालून जातील, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती. स्वतःच्या घरात त्या पायरीखालीच चपला काढतात आणि पाहुण्यांनाही काढायला लावतात. त्या दिवशी त्या चपलांसकट, धुळीच्या पायांनी, त्या अनोळखी घराच्या स्वयंपाकघरात थेट गेल्या आणि त्या मुलीच्या ताटावर हाताचा पंजा ठेवला. ताटात चटणी वाढलेली होती. आजीच्या हातात तव्यावरची भाकरी होती.

"थांब बाळा. खाल्लीस का?"

मुलगी घाबरली. मान हलवून नाही म्हणाली.

"बोटसुद्धा न्हाई ना लावलं?"

"नाही. भाकरी यायची होती."

वहिनींनी तिथंच फरशीवर बसकण मारली. "ह्याच्यात दाणं हायेत बाळा. कागदावर चुकीचं लिवलंय."

मुलीनं पाकीट उचलून पुन्हा पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण छापलंय की."

"छापलेलं बी चुकतं. हे बघ, ह्यांनी छापलंय." वहिनींनी दाराकडे बोट केलं. मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, की अजूनही दुकानात एखादा मजकूर छापताना मध्येच मला ती नजर आठवते आणि मी प्रूफ परत वाचतो.

आजी बिचारी भाकरी हातात घेऊन तशीच उभी. तिला मी सांगायला लागलो तोवर बाहेर स्कूटर थांबली आणि बाई हेल्मेटसकटच आत आल्या. शाळा सुटल्यावर त्यांनी फोन पाहिला होता. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. लेकीचे ओठ पाहिले, तोंड उघडायला लावलं, हात साबणानं दोनदा धुतले. ताट उचलून बाहेर नेलं. मग पाणी प्यायल्या आणि मगच म्हणाल्या, "बसा."

वहिनींनी सगळं सांगितलं. म्हातारी पडल्यापासून ते ताटापर्यंत. फक्त एका ठिकाणी त्या "आमच्याकडून कूट टाकला गेला" असं म्हणाल्या, तेव्हा मीच मध्ये बोललो, "मी टाकला. चवीला." ते 'चवीला' मी का जोडलं, देव जाणे.

बाई म्हणाल्या, "लग्नातल्या त्या आचाऱ्याला मी दवाखान्यातून फोन केला होता. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं, आणि मला नीट सांगता येत नव्हतं. भाजीत कूट होता का हो, एवढंच विचारलं मी. तो नाहीच म्हणत राहिला. आजतागायत नाहीच म्हणतो." त्यांनी मोबाईल उघडून आमचा निरोप परत वाचला. "तुम्ही मात्र अगदी स्पष्ट लिहिलंत."

"भावजींनी लिवलं," वहिनी म्हणाल्या.

आयुष्यात मला मिळालेलं सर्वांत न परवडणारं कौतुक ते. मी लगेच म्हणालो, "नाही, त्यांनी सांगितलं. माझं वेगळं होतं."

निघताना दोन्ही पाकिटं पिशवीत घालून वहिनी म्हणाल्या, "ताई, पुढच्या महिन्याची पाकिटं पाठवायची का न्हाई, ते तुमी ठरवा. आमी इचारणार न्हाई."

बाईंनी मान डोलावली. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. फाटकापर्यंत मात्र सोडायला आल्या.

पोरगी सुखरूप असल्याचं निघतानाच फोनवर कळवलं होतं. परत आलो तर आमच्या ओट्यावर पाकिटांचा ढीग आणि बाया हसून हसून बेजार. किराणा दुकानात तीन पाकिटं विकली गेली होती, त्यासाठी ह्या तीन घरं फिरल्या. वहिनींनी ती तीन नावं वहीत लिहिली आणि परत आलेल्या प्रत्येक पाकिटापुढे फुली मारायला घेतली. तिसऱ्या घरच्या आजोबांनी पाकीट द्यायला साफ नकार दिला. हिनं त्यांची नक्कल करून दाखवली : "दाणं हायेत म्हणून परत? आगं, दाणं हायेत म्हणून तर लई झ्याक लागतीया! मला तसलीच आणिक दोन दी." त्यांना समजावता समजावता अर्धा तास गेला. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः पाकीट घेऊन आले, तळाशी चमचाभर चटणी शिल्लक असलेलं, आणि म्हणाले, "सुनंनं तुमची वही बगितली. माझ्या नावापुढं फुली ऱ्हायलीय म्हनं. घ्या बाई, मारा फुली." त्याच सकाळी नगरच्या दुकानातलं बंद खोकंही बसनं परत आलं. वहिनींनी शेवटची फुली मारली. एकेचाळीस.

ज्या नंबरांना मी हसलो होतो, ते नसते तर कुठली चटणी चांगली नि कुठली वाईट हे कुणाला सांगता आलं असतं? हे मी वहिनींना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मार्कर संपत आलाय, नवा द्या."

सतरा नंबरचा घाणा फेकला नाही. आमच्या घरात कुणाला दाणे बाधत नाहीत, म्हणून तो सगळा माझ्या घरी आला, आणि पुढचे तीन महिने मी तीच चटणी खाल्ली. चव खरोखर उत्तम होती, पण तसं म्हणायची चोरी. मिक्सरचं भांडं, पातेलं, उलथनं, सगळं वहिनींनी माझ्या घरात लोटलं आणि खोलीसाठी नवं आणलं. उंबऱ्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला. तो पट्टा गावातल्या कुणासाठीही आहे असं त्या म्हणतात, पण त्याच्यापाशी थांबावं लागणारा माणूस अजून तरी मी एकटाच आहे. लेबलांचा गठ्ठा घेऊन मी पट्ट्याबाहेर उभा राहतो आणि आतून कुणीतरी हात पुढे करतं. लेबलावरची वेलबुट्टी गेली. तिच्या जागी मोठ्या अक्षरात एक ओळ आली : 'ही चटणी करतात त्या खोलीत शेंगदाणे आणत नाहीत.' वहिनींनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि मगच छापू दिली.

नगरहून मात्र काही निरोप आला नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. वहिनींनी शब्द दिला होता, त्यामुळे विचारलं नाही. पण नगरची पिशवी भरताना दर वेळी त्या दोन पाकिटं वेगळी काढून फळीवर ठेवायच्या आणि बस गेली की परत ढिगात टाकायच्या. ते बघून मी पट्ट्याबाहेरून काहीबाही विनोद करायचो. कुणी हसायचं नाही.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी सकाळी फोन वाजला. वहिनींचे हात मिरचीचे, म्हणून हिनं उचलला आणि स्पीकरवर टाकला. बाई होत्या. दोन पाकिटं पाठवा, म्हणाल्या. वहिनींनी मिरचीचा हात तसाच हवेत धरून नुसती मान हलवली, जशी काही बाईंना ती दिसणारच होती. मग तिकडून बाईंनी फोन लेकीकडे दिला, तिला काहीतरी विचारायचं होतं म्हणे.

"मावशी," बारीक आवाज आला, "ते कूट टाकणारे काका अजून तिथे असतात का?"

खोलीत सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी उंबऱ्याबाहेर, हातात लेबलं. हिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाली, "असत्यात की बाळा, पर उंबऱ्याच्या भाईर. तरी बी लेबल त्यांनीच छापलेलं हाय, तवा आईला इचारल्याबिगर खाऊ नकोस."